तिचं हळकुंड

गाठ माझ्या छातीत होती आणि डोळा मात्र तिच्या रिपोर्टवर.

आमची ओळख घाटकोपरच्या स्कॅन सेंटरमधली. ती जोगेश्वरीची, मी मुलुंडची. दोघींची गाठ सुरुवातीला चार सेंटीमीटरची, औषध तेच, केमोचे वारही तेच. मधूनमधून एमआरआय काढून गाठ किती आक्रसली ते मोजायचे. पुरेशी लहान झाली तर नुसती गाठ काढणार, नाहीतर अख्खा स्तन. सगळा जीव त्या सेंटीमीटरमध्ये अडकलेला.

एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही. पहिल्या वेळी मंगळसूत्र उतरवताना तिचा चेहरा पडला होता. दुसऱ्या वेळी ती पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधूनच आली, माझ्यासाठीही एक आणलं. मी बँकेतली बाई, असलं काही मानत नाही. पण बांधलं.

त्या वेळी तिची गाठ चारवरून दोनवर आली. माझी होती तिथेच, ढिम्म. तिने पेढे आणले. मी हसून एक खाल्ला आणि घरी येऊन नवऱ्यावर उगाच डाफरले. काय जळफळाट झाला म्हणून सांगू! मी पथ्य पाळते, काढे पिते. ही बाई सेंटरबाहेर वडापाव खाते, आणि हिचीच गाठ विरघळते? बघता बघता माझ्या डोक्यात भरलं, की हिने चांगलं हळकुंड स्वतःला ठेवलं आणि उरलेलं मला दिलं.

तिसऱ्या वेळी कपडे बदलायच्या खोलीत मी निर्लज्जपणे म्हटलं, "तुझं हळकुंड मला दे. माझं तू घाल."

 तिने मान वाकवून दोरा सोडला आणि स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात बांधला.

रिपोर्ट एकाच दिवशी मिळाले. माझी गाठ दीडवर. डॉक्टर म्हणाले, स्तन वाचेल. तिची परत वाढली होती, पहिल्यापेक्षा मोठी. कुणाची गाठ औषधाला कधी दाद देईल याचा नेम नसतो, त्यात हळकुंडाचा काही संबंध नाही, हे मला कळतं.  तरी मी पर्समधून तिचं हळकुंड काढून तिच्यापुढे धरलं.

एरवी माझ्याशी साधं मराठी बोलणारी ती एकदम मालवणीवर आली. "ऱ्हवांदे गो," ती म्हणाली, "तुका लागू पडला."

मी आग्रह करायला हवा होता. नाही केला. तिचं मन बदलायच्या आत हळकुंड पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढून घेतली.