मामंजींनी फिरवलेला बाक

आमच्या मोहल्ल्यातली बाग मामंजींनी काढली होती. काढली म्हणजे कागदावर. यवतमाळच्या एका शाळेत चित्रकला शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि हातातला कंपास काही सुटत नव्हता. मोहल्ल्याने एक पडीक जागा साफ केली, तेव्हा त्यांनी नकाशा दिला. मधोमध गोल हौद, भोवती चार सिमेंटचे बाक, सगळ्यांची तोंडं हौदाकडे, कडेने मेंदीचं कुंपण. हौदात पाणी कधी आलं नाही, पण गोल मात्र असा की परातीनेही लाजावं.

मी त्या बागेला मनातल्या मनात शिव्या घालायची. साठ-एकसष्टची गोष्ट असेल. माझं पहिलं बाळंतपण माहेरी, ढाणकीला झालं. मुलगा नवव्या दिवशी गेला. सासरची मंडळी बारशालाच येणार होती, त्यामुळे इथल्या कुणी त्याला पाहिलंच नाही. मी परत आले तर घरात त्याचा विषयसुद्धा नाही. जणू चार दिवस माहेरपण करून आले होते. मला त्याचा फार राग यायचा, आणि राग दाखवायची सोय नव्हती. अन्न जाईना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिला रोज संध्याकाळी मोकळ्या हवेत बसवा. सासूबाई मला बागेत नेऊ लागल्या.

पण बसायचं कुठे? सासऱ्यासमोर सुनेने बसायचं नाही ही रीत, आणि एका बाकावर मामंजी, उरलेल्या तिन्हींवर त्यांच्याच वयाची माणसं. त्या गोल बागेत एकही कोपरा असा नव्हता, जिथून मामंजी समोर येत नाहीत. सासूबाई बायकांत गवतावर बसत. मी डोक्यावर पदर घेऊन मेंदीजवळ तासभर उभी. म्हणे हवा खाते. मामंजी माझ्याशी थेट बोलतही नसत. मी पुढ्यात उभी असले तरी सासूबाईंना सांगायचे, "तिले म्हना, चहा ठेव."

एका संध्याकाळी मला भोवळ आली आणि मी त्या मेंदीतच कोसळले. बायकांनी उचलून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी मामंजी एक गवंडी आणि खणायची सब्बल घेऊन बागेत गेले. शेजारचा बाक उपटला आणि स्वतःच्या बाकाच्या पाठीला पाठ लावून बसवला. तोंड बाहेर, कापसाच्या गाड्या जायच्या त्या रस्त्याकडे. म्हातारे थट्टा करायला टपलेलेच होते.

"मास्तर, चांगला नकाशा बिघडवून राह्यले तुमी."

"बिघडेलच होता," मामंजी म्हणाले. "चार बाक काढले, पन घरात सून हाये हे ध्यानात नाही राह्यलं."

सिमेंट वाळल्यावर मी पहिल्यांदा त्या बागेत बसले. माझं तोंड रस्त्याकडे, मागे मामंजींचं हौदाकडे. रीत मोडली नव्हती आणि आमच्यात वीतभर अंतर होतं. तीन-चार संध्याकाळी अशाच गेल्या. मग एकदा, बाकीचे म्हातारे अजून यायचे होते तेव्हा, मागून आवाज आला.

"बाई."

दुसऱ्या कुणाला म्हणत असतील असं वाटून मी रस्त्याकडेच पाहत राहिले.

"लेकरू कोनासारखं दिसे?"

मला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

"नाक तुमचं होतं," मी म्हणाले.

मग मी त्याचं सगळं सांगितलं. बोट धरलं की सोडत नव्हता, उचकी लागली की स्वतःच दचकायचा, कानांवर बारीक लव होती. समोरून एक गाडी गेली, मग दुसरी. बोलता बोलता मी रडायला लागले आणि मागे मामंजीही रडत होते. दोघांनाही एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून कुणी कुणाला थांबवलं नाही.