नकाशावरचं नाव

२०१६ साल होतं, मी सत्तरीला टेकलो होतो. गावाची जमीन, पाणी, रान मोबाइलच्या नकाशावर कसं मांडायचं ते शिकवायला एक मॅडम आल्या. माझी बायको पहिल्याच दिवशी शिकली. ती मोबाइल धरून पुढं, सगळं गाव मागं. मीही मागंच.

ती बोट ठेवी, ठिपका उमटे. मॅडम विचारत, "मावशी, हे कुणाचं?" बायको फडाफडा सांगे, "गणपाचा बांध. धोंडूचा माळ." मी दगड लावून बांधलेल्या झऱ्यापाशी मात्र पदर तोंडाला लावून म्हणाली, "ह्यांचा."

"ह्यांचा म्हणजे?"

"आमच्या ह्यांचा, बाई!"

सगळे हसले. गणपा म्हणाला, "म्हातारबा, तुम्ही नुसता ठिपका झालात!"

नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण गणपाचं नाव तिनं किती सहज घेतलं! कुणी नाव घेतलं तरच माणूस असतो, असं काहीतरी डोक्यात घुमत राहिलं. मग पन्नास वर्षं मी तिच्याजवळ होतो तरी कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोबाइल घेऊन निघाली, तेव्हा मी उंबऱ्यातच आडवा बसलो. म्हणालो, "आधी माझं नाव घे, मग गाव मोज."