झाड हलवणाऱ्या यंत्राची किल्ली

आलुबुखाराच्या त्या बागेत तिला सगळे शिडीवाली म्हणत. शिडी खांद्यावर टाकून ती तरातरा निघाली की पुरुषमाणसंही वाट सोडत. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ.

मग मालकाने झाड हलवायचं यंत्र आणलं. लोखंडी जबड्यात बुंधा आवळायचा, गदागदा हलवायचा, की खालच्या ताडपत्रीवर फळांचा सडा. फळं सुकवायलाच जायची, चेचली तरी चालायचं. शिड्या गोदामात पडल्या. बायकांच्या वाट्याला आलं ताडपत्रीवर वाकून पाला निवडणं. आणि यंत्रावर बसवला तिचाच सख्खा धाकटा भाऊ.

"घ्या, आता रांगा!" ती फणकारली. पण रांगली. घर चालवायचं होतं.

यंत्र थांबलं की मगच बायका झाडाखाली जात. त्या दिवशी मात्र फाटकाशी ट्रक उभा होता आणि मॅनेजरच्या अंगात आलं होतं. "यंत्र थांबवायचं नाही. बायका निवडत राहतील."

पुढच्याच झाडाची वाळकी फांदी कडाडून आली ती शिडीवालीच्या धाकट्या जावेच्या खांद्यावर. जाऊ मटकन खाली बसली. हात लुळा लोंबत होता.

मॅनेजर धावत आला आणि म्हणाला, "हिला झाडाखाली कुणी जायला सांगितलं?"

शिडीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती यंत्रावर चढली, भावाला कोपराने ढकललं आणि किल्ली उपटून मुठीत घेतली.

"किल्ली दे!"

"आधी गाडी काढा. दवाखान्यात न्या हिला."

"ट्रक खोळंबलाय."

"खोळंबू दे मेला! इथे माणसाचं हाड मोडलंय!" मग ती भावाकडे वळली. "आणि तू? मिठाची गुळणी धरून काय बसलास?"

"ताई, नोकरी जाईल गं माझी."

"आणि हिचा हात?"

भाऊ पुटपुटला, "साहेबांनीच सांगितलं, थांबू नको म्हणून."

"मोठ्याने बोल!"

तो मोठ्याने बोलला. एकेक करत सगळ्या बायकांनी ताडपत्रीवर बसकण मारली. मॅनेजरने निमूटपणे गाडी काढली.

पुढच्या हंगामात शिडीवालीला कुणी बोलावलंच नाही. भावाची नोकरी मात्र टिकली. एकदा तो उत्साहाने सांगायला आला, "ताई, आता ट्रक खोळंबला तरी यंत्र थांबल्याशिवाय बायकांना झाडाखाली जाऊच देत नाहीत."

"खांदा मोडल्यावर सुचलं होय रे?" असं म्हणून ती जी आत गेली, ती तो उठेपर्यंत बाहेर आली नाही.

जावेचं हाड जुळलं, पण हात डोक्यापर्यंत पोचत नाही. रोज सकाळी शिडीवालीच तिची वेणी घालते. घालताना तो मॅनेजर आठवतो आणि पेड करकचून आवळले जातात.

"अहो जाऊबाई, हळू! माझ्यावर राग आहे का?"

"तुझ्यावर कशाला असेल गं," ती म्हणते, आणि पेड सैल करून पुन्हा घालायला घेते.