सासऱ्यांचं धोतर चेनीत

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी जुन्नरला मास्तर होतो आणि सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. ओझरच्या गणपतीला जायचं ठरलं, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "माझी सायकल आहे की!" ते जन्मात सायकलवर बसले नव्हते. कॅरिअरवर दोन्ही पाय एका अंगाला सोडून बसले आणि त्यांनी माझा सदरा घट्ट मुठीत धरला.

ओझर जवळ आलं आणि ते मागून ओरडले, "जावईबापू, थांबा! मला कुणीतरी ओढतंय!"

धोतराचा सोगा चेनीत गेला होता. मी थांबेपर्यंत अर्धं धोतर आत गुंडाळलं गेलं. चाक पुढे ढकलावं तर धोतर आणखी आत जाई, पायडल मागे फिरवावं तर टरटर फाटे. सासरे सायकलला बांधल्यासारखे उभे होते आणि मी खाली बसून तेलकट हातांनी नुसता ओढत होतो.

तेवढ्यात दर्शनाला निघालेल्या बायकांची बैलगाडी आली. सगळ्यांनी हसू दाबत तोंडं फिरवली. एक म्हातारी मात्र उतरली आणि गाठोड्यातलं हिरवं लुगडं सासऱ्यांच्या हातात देत म्हणाली, "नेसा पावणं. आमी न्हाई बघत."

त्यांनी लुगडं कमरेला गुंडाळलं, आतून धोतर सोडलं आणि ते गाडीत जाऊन बसले. चाक फिरत नव्हतं, म्हणून मी सायकल खांद्यावर घेऊन मागून चालत गेलो.

दर्शन झाल्यावर सासऱ्यांनी गाडीवानाला विचारलं, "भाऊ, गाडी परत केव्हा निघणार?"