लिहिता येई, वाचता येईना

डॉक्टरांनी हातात पेन दिलं आणि म्हणाले, "माताजी, सुबह से क्या-क्या हुआ, चार लाइन लिखिए." मी भराभर लिहिलं, मराठीतच. दोन मिनिटं इकडचं तिकडचं विचारून त्यांनी तोच कागद माझ्यापुढे धरला. "अब पढ़िए." मला एक अक्षर लागेना. "हे कोणी लिहिलंय?" असं मीच विचारलं.

त्यांनी नाव सांगितलं, प्युअर ॲलेक्सिया. लहानसा स्ट्रोक, म्हणजे मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला होता, आणि नेमका अक्षरं ओळखणारा भाग दुखावला होता. "आँखें ठीक हैं, हाथ ठीक है. बस, पढ़ना गया है." बस म्हणे!

त्या सकाळी देवासला घरी पेपर उघडला तेव्हा अक्षरं अनोळखी दिसली. मी आधी चष्म्याला नावं ठेवली, मग पेपरला. सून रुचीला घेऊन गेले कुठे, तर चष्म्याच्या दुकानात. दुकानदारच म्हणाला, "काकीजी, नंबर तो वही है, आप इंदौर दिखाओ." हात जोडून सांगते, असं झालं तर चष्मा पुसत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आमचे तीन तास फुकट गेले.

पाच दिवस ठेवून घेतलं. एमआरआय झाला, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. उजव्या बाजूचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे चहा दोनदा सांडला.

रडू आलं ते घरी, वही पाहून. धारच्या वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, आणि मी, आमची दोघींची एक वही आहे. कोणतं पुस्तक वाचलं, कोणी सुचवलं, कसं वाटलं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशवीतून ती धार-देवास फिरते. नियम एकच, शेवट फोडायचा नाही. सत्तावीस वर्षांचं वाचन त्यात होतं आणि मला नुसत्या मुंग्या दिसत होत्या.

वन्संना फोनवर म्हटलं, "वही आता तुम्हीच ठेवा."

त्या कडाडल्या, "काही नाही ठेवत! वाचता येत नाही तर ऐक. रुची कशाला आहे?"

रुचीचं शिक्षण हिंदीत. मराठी फाडफाड बोलते, पण मराठी पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. वन्संनी सुचवलेली जाडजूड कादंबरी घेऊन ती रोज दुपारी बसू लागली. अडखळायची, वैतागायची. "आई, ही बाई इतकी सीधी कशी? मला तर गुस्सा येतो!" मी उच्चार सुधारले की म्हणायची, "तुम्हाला तर तेवढंही येत नाही!" खरंच होतं. दोघी हसायचो.

हॉस्पिटलातल्या थेरपिस्टबाईंनी युक्ती दिली, अक्षरावरून बोट फिरवायचं. डोळ्याला कळत नाही ते हाताला कळतं, कारण हात लिहायला विसरलेला नसतो. एका ओळीला दहा मिनिटं. बालवाडीतली पोरं माझ्यापुढे गेली असती. दोन महिने मी चिडचिड केली, पण बोट थांबवलं नाही.

कादंबरी संपली त्या दुपारी शेवटच्या पानावर रुची "अरे बाप रे!" म्हणाली आणि तिने डोळ्यांना ओढणी लावली. वहीत नोंद तिनेच केली. पुढच्या आठवड्यात ती बाजारात गेली होती, तेव्हा सरावाला म्हणून मी त्या नोंदीवर बोट ठेवलं. अर्धा तास लागला.

"सुचवली आत्यांनी. वाचली रुचीने. ऐकली आईंनी. आत्या, राहवलं नाही हो, शेवट मी परवाच एकटीने वाचून टाकला. आईंना सांगू नका."

मी एकटीच हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुसऱ्याचं लिहिलेलं चोरून वाचू नये, असं जन्मभर मुलांना सांगत आले. त्या दिवशी ते वाचता आलं म्हणून देवापुढे साखर ठेवली.

मग त्या ओळीखाली लिहिलं, "आईंना कळलं," आणि रुचीच्याच हातून वही धारला पाठवून दिली.