गौरीच्या गळ्यातला हात

ती घटना मी कधी विसरले नव्हतेच, पण मागच्या रविवारी ती अशी काही समोर येऊन उभी राहिली की घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

आमच्या कॉलनीच्या वाचनालयात महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. या वेळी चर्चा होती त्या पोलिसी कादंबऱ्यांच्या मालिकेवर, जी वर्षानुवर्षं चालू आहे आणि जिचा नवा भाग आला की नंबर लावावा लागतो. मी निवृत्त पोलीस उपनिरीक्षक, म्हणून मला पुढच्या खुर्चीत बसवलं. आता खरं सांगते, ती मालिका मीही पहिल्यापासून वाचलेली आहे. बंदोबस्ताला निघताना डब्याच्या पिशवीत एक भाग असायचाच. माझं शिक्षण बारावी, भरती झाले शिपाई म्हणून. वाचायची गोडी लागली ती अशीच, चौकीच्या बाकावर बसून. तेव्हा लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. राग आहे तो वाचणाऱ्यांवर.

नव्या भागात त्या इन्स्पेक्टरचं वय झालंय. तो आता संशयितावर हात उचलत नाही. चहा मागवतो, समोर बसतो आणि माणूस बोलेपर्यंत थांबतो. एवढ्यावरून आमचा कट्टा पेटला.

"मऊ पडला हो आपला माणूस," बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले. "पूर्वी कानाखाली एक बसली की आरोपी घडाघडा बोलायचा. आता अख्खं प्रकरण नुसता चहा."

"मी तर मोबाईलवर पाचपैकी एकच तारा दिला," एक बाई म्हणाल्या. "गुन्हेगार मला पहिल्या प्रकरणातच कळला होता. जी गप्प बसते, तीच असते."

"मला त्याची बायकोशी होणारी भांडणं आवडतात," एक मुलगी म्हणाली. "तेवढंच खरं वाटतं."

"तुझं लग्न झालं की तेही खोटं वाटेल," काका म्हणाले आणि सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हीच सांगा. दोन दिल्याशिवाय कुणी बोलतं का?"

मी तिथे काही बोलले नाही. बोलले असते तर आवाज चढला असता, आणि म्हाताऱ्या बाईचा आवाज चढला की लोक तिला पाणी आणून देतात. म्हणून लिहिते आहे. कुणाचंही नाव घेणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी हवालदार होते. गणपतीचे दिवस, निम्मं ठाणं बंदोबस्तावर. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला, मीच घेतला. एका सोसायटीतल्या बाई बोलत होत्या. शेजारच्या फ्लॅटमधल्या आजींची, गौरीच्या गळ्यातली सोन्याची मोहनमाळ गेली होती.

"चोर कोण ते मी सांगते," त्या फोनवर म्हणाल्या. "त्यांची कामवाली. काल दुपारी दार उघडं होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिचा हात गौरीच्या गळ्यात होता. आणि मॅडम, मी त्या इन्स्पेक्टरच्या सगळ्या कादंबऱ्या वाचल्यात. पहिला संशय घरात ये-जा करणाऱ्यावर घ्यायचा, एवढं मला कळतं."

आम्ही पोचलो तेव्हा पार्किंगमध्ये सोसायटीच्या गणपतीचा मंडप होता आणि मंडपासमोर ती बाई उभी होती. पेठ तालुक्याकडची. चाळिशीची असेल. पदर ओढलेला, केस सुटलेले, गालावर बोटं उठलेली. तिची पिशवी उलटी करून डबा, कंगवा, जुनी चादर, सगळं फरशीवर पसरलं होतं. भोवती माणसं होती. त्यातली काही तिच्या हातची भाकरी रोज खाणारी.

"झडती आम्हीच घेतली, मॅडम," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचं काम हलकं केलं."

"बाईची झडती बाईनंच घ्यायची असते, तीसुद्धा पोलिसांनी, आणि आडोशाला. तुम्हाला कुणी सांगितलं घ्यायला?"

"तसं नाही हो, लेडीजनीच घेतली," ते म्हणाले. जसं काही पार्किंग म्हणजे आडोसा.

मी तिचा पदर सारखा केला, सामान पिशवीत भरलं आणि तिला गाडीत बसवलं. जिना उतरणारी एक बाई तिला बघून म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस गं आमच्याकडे." त्या सोसायटीत ती बऱ्याच घरची कामं करायची. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत सगळी गेली.

ठाण्यात साहेबांनी तक्रार वाचली. "दिवस मावळला की बाईला इथे ठेवता यायचं नाही. त्याच्या आत बोलती कर. एक ठेवून दे, सुटेल." साहेबांनी ती मालिका वाचली होती की नाही, देव जाणे, पण भाषा तीच.

मी दार लोटलं आणि तिच्यासमोर बसले. माझ्याबरोबर एक नवी महिला शिपाई होती.

"गौरीच्या गळ्यात हात घातला होतास?"

"घातला व्हता."

"मोहनमाळ घेतलीस?"

"नाय."

"मग हात कशाला घातला?"

गप्प.

"कुणी सांगितलं होतं?"

ती नखानं फरशीची फट कोरत राहिली.

"मॅडम, लबाड आहे ही," शिपाई माझ्या कानाशी म्हणाली. "बघा कशी गप्प बसलीय."

इथे मला माझ्या वाचक मंडळींना सांगायचंय, नीट ऐका. चोर गप्प बसत नाही. चोराकडे उत्तर तयार असतं. हात कशाला घातला विचारलं की तो म्हणेल, फुलं काढत होतो, धूळ पुसत होतो, आजींनीच सांगितलं होतं. ही बाई गळ्याशी येणाऱ्या प्रश्नाला सरळ "घातला व्हता" म्हणाली, आणि ज्या प्रश्नाला चार खोटी उत्तरं सहज देता आली असती, तिथे तिनं तोंड मिटलं. म्हणजे ती स्वतःला वाचवत नव्हती. मारून मी तिच्याकडून काय काढलं असतं? मारून माणूस बोलतो, पण तुम्हाला हवं ते बोलतो. ती कदाचित "घेतली" असंही म्हणाली असती, आणि तुम्ही लोकांनी त्या प्रकरणाला पाच तारे दिले असते.

तिच्यासाठी चहा सांगितला, शिपाई मुलीला तिथे बसवलं आणि मी परत सोसायटीत गेले. स्थळ पंचनामा करायचाच होता.

आजी सोफ्यावर बसून होत्या. सोवळ्या-ओवळ्याच्या कडक. "आमच्या गौरींना सुनेशिवाय कुणाचा हात लागत नाही," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे गेले, आता सगळं तीच करते. चार दिवस पाळायचे म्हणजे पाळायचे, शिवाशिव म्हणून मी घरात खपवून घेत नाही. म्हणून तर विचारते, त्या बाईनं हात लावलाच कसा?"

प्रश्न बरोबर होता. पण त्याचं उत्तर त्यांच्याच वाक्यात पडलं होतं, आणि ते ऐकू यायला फार हुशार असायची गरज नव्हती. मी अशाच घरात वाढले. पुरुष अधिकारी असता तर सोन्याबद्दल विचारत बसला असता. मी सुनेकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. तिच्या गप्प बसण्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. तिच्या अंगावर चांगली साडी होती ना.

"जबाब घ्यायचाय, वहिनी. गॅलरीत या," म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.

"काल तुम्हाला अडचण आली होती?"

तिनं खाली बघितलं. मग रडायला लागली. मी रडू दिलं, पण खरं सांगते, तिची कीव आली नाही मला. खाली पार्किंगमध्ये तिच्या कामवालीला मारलं तेव्हा ही याच गॅलरीत उभी असणार.

"दुपारी आली," ती म्हणाली. "आई लिफ्टनं वरच्या मजल्यावर हळदीकुंकवाला गेल्या होत्या. गौरी उतरवायची वेळ झालेली. सांगितलं असतं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. माझ्या जावेला एकदा सणात अडचण आली आणि पुढे सासरे आजारी पडले, ते अजून तिच्या नावावर आहे."

"मग?"

"मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि तिला सांगत गेले, हे काढ, ते काढ. मी शिवले नाही. मग तिला माझ्या गळ्याची शपथ घातली, कुणाला सांगू नको म्हणून."

"आणि तिनं ती पाळली. मार खाऊन पाळली. तुम्ही काय करत होतात?"

"मला वाटलं, माळ सापडेल कुठेतरी."

"आधी काय उतरवलं?"

"मुखवटे. आई यायच्या आत गौरी उतरलेल्या दिसायला हव्या होत्या."

इथे थांबून सांगते, कारण सगळ्यांच्या घरी गौरी अशा नसतात. त्यांच्याकडे पत्र्याच्या पोकळ कोठ्या होत्या. कोठीला साडी नेसवायची, वर तोंडावर पितळी मुखवटा ठेवायचा आणि गळ्यात दागिने घालायचे. उतरवताना आधी दागिने, मग मुखवटा. यांनी घाईत उलटं केलं. मुखवटा उचलला तेव्हा हारांखालची माळ आधाराला काही न राहून सरळ कोठीच्या तोंडात उतरली. सून घाईत ती विसरली, आणि त्या बाईला हारांखाली आणखी एक माळ होती हे माहीतही नव्हतं. तिनं दिसले तेवढे दागिने डब्यात ठेवले आणि कोठ्या झाकण लावून माळ्यावर चढवल्या. घरातल्यांनी कपाटं उपसली, पिठाचे डबे पाहिले, एका बाईची अब्रू भर पार्किंगमध्ये तपासली. कोठी तेवढी उघडली नाही. कारण विसर्जनानंतर पुढच्या भाद्रपदापर्यंत कोठीला हात लावायचा नाही, असा त्यांचा रिवाज.

"खाली काढा," मी म्हटलं.

"वर्षाच्या आत उघडत नाहीत आमच्यात," आजी म्हणाल्या.

"गौरींना चालेल. तुम्हाला चालत नसेल तर पंचनाम्यात तसं लिहिते आणि सही घेते."

पंचांसमोर कोठी उतरवली, वाकडी केली. आतून घरंगळल्याचा आवाज आला. मोहनमाळ.

"अगंबाई," आजी म्हणाल्या आणि माळ डोळ्यांना लावली. फोन करणाऱ्या शेजारीणबाई दारात आल्या होत्या. "बघा, तरी मी म्हणतच होते, घरातच असणार," असं त्या माझ्यासमोर म्हणाल्या. तळपायाची आग मस्तकात म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

कागद सोपा होता. चोरी झालेली नाही, वस्तू घरात मिळून आली, सह्या. साहेब म्हणाले, "झालं, सोडून दे तिला." मी म्हटलं, "सोडते साहेब, पण जिथून उचलली तिथे."

दिवस मावळायच्या आत मी तिला घेऊन पार्किंगमध्ये उतरले. आरतीसाठी सगळी सोसायटी जमली होती. मी आजींना म्हटलं, "सकाळी इथेच म्हणालात ना चोर? आता इथेच सांगा, चोर नाही म्हणून."

"सापडली ना माळ? आता सणासुदीचा तमाशा कशाला?"

शेजारीणबाई म्हणाल्या, "गैरसमज होतात हो."

शेवटी मीच मोठ्यानं सांगितलं, की माळ घरात सापडली, ही बाई चोर नाही, आणि हिच्यावर हात उचलणाऱ्यांनी गुन्हा केलाय. झांजा धरलेली माणसं जमिनीकडे बघत होती. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "ते खरं, पण मग हिनं गौरीला हात लावलाच कशाला? ते सांगा की."

सून समोर होती, आरतीचं ताट धरून. मी तिच्याकडे बघितलं. तिनं ताटातली वात सारखी केली. मी तोंड उघडणार, तर त्या बाईनं माझा दंड घट्ट दाबला.

"माझं चुकलं आजी," ती म्हणाली. "हौस वाटली, म्हून लावला."

"तरी म्हटलं," आजी म्हणाल्या, आणि आरती सुरू झाली.

गाडीत मी तिच्यावरच चिडले. "कशाला खोटं बोललीस? तिनं तुझ्यासाठी काय केलं?"

"शपथ दिलती बाई. अन तुमी बोल्ला तर बोल्ला. मारताना ज्यांचा आवाज निघाला, त्यांचा निघाया पायजे व्हता." मग तिनं स्टँडवर सोडायला सांगितलं. मारहाणीची तक्रार दे म्हणून मी परोपरीनं सांगितलं. तिनं मान हलवली आणि पेठच्या एसटीत चढली.

त्या आजी आता नाहीत, म्हणून हे आज लिहिता येतं. त्या दिवसानंतर नोकरी संपेपर्यंत मी गप्प माणसाला "बोल" असं दरडावलं नाही. "कुणासाठी गप्प आहेस?" एवढंच विचारत आले, आणि पुष्कळ वेळा उत्तर मिळालं. तर काका, तुमचा इन्स्पेक्टर मऊ पडलेला नाही. इतक्या भागांनंतर तो पहिल्यांदा पोलिसासारखा वागलाय. तुम्हाला कानाखालचा आवाज ऐकायला आवडतो, कारण गाल तुमचा नसतो.

त्याच वर्षी दिवाळीत ती सून ठाण्यात आली होती. हातात पेढ्यांचा पुडा. "मॅडम, तुम्ही माझं नाव येऊ दिलं नाहीत. तुमचे उपकार."

"ते मी नाही केलं," मी म्हटलं. "जिनं केलं ती पेठला असते. स्टँडवरून गाडी सुटते. तिला द्या पेढे."

"आईंना काय सांगून जाऊ?"

"ते तुम्ही ठरवा."

तिनं पुडा बाकावर ठेवला, पदर सावरला आणि निघाली. मी दारापर्यंत गेले. गेटबाहेर ती स्टँडकडे वळली नाही. रिक्षाला हात करून तिनं आपल्या सोसायटीचा पत्ता सांगितला.