आबांच्या नावाआधी श्री

माझ्या लग्नाचं काही आठवायला बसलं की मांडवाच्या आधी पत्रिकांचा वास येतो. नवी शाई, हळदकुंकू आणि उन्हात तापलेली गाडी.

आमच्याकडे पत्रिका कधी टाकायची ते ऊस ठरवतो. तोड चालू असताना दिली तर पाहुणे विसरतात, लग्नाच्या तोंडावर दिली तर भावकी रुसते. पण त्या वर्षी ऊस कारखान्याला जाऊनही आमची पत्रिका छापायला जाईना. वडील बारामतीला भाजी घेऊन जायचे आणि छापखान्यात न डोकावता परत यायचे. आई म्हणायची, "घाई काय हाय?" एरवी चहाला उशीर झाला तरी घर डोक्यावर घेणारी आई!

खरं कारण पडवीत खाटेवर होतं. माझे आजोबा, आबा, दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेले. पत्रिकेत निमंत्रक म्हणून घरातल्या थोरल्याचंच नाव पहिलं. नावाआधी 'श्री' छापलं आणि लग्नाआधी काही झालं तर? 'कैलासवासी' तर मनातही आणवत नव्हतं. म्हणून सगळे गप्प बसून थांबलेले. मला त्या थांबण्याचा भयंकर राग यायचा.

एका दुपारी डाळिंबाच्या बागेकडून वारा येत होता, घर पेंगत होतं. आबांनी डोळे न उघडताच वडिलांना हाक मारली.

"पत्रिका माझ्यापायी अडलीया न्हवं?"

वडिलांनी आबांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"श्री लाव आन् टाक छापून. एकदा छापलं की मला बी थांबावं लागंल. पाहुण्यांना बोलवायचं आन् आपुनच जायाचं, बरं दिसतं व्हय?"

वडील तसेच उठून बारामतीला गेले.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवली. बाकीच्या पत्रिकांना आबांनी खाटेवरूनच कुंकू लावलं. अंथुर्णे, सणसर, बावडा अशी गावं वाटत वडिलांबरोबर मीही हट्टाने हिंडले. कालव्याच्या कडेने जाताना पाण्यावर ऊन हलायचं, डोळे जड व्हायचे, आणि वाटायचं, या पत्रिका संपूच नयेत. त्या वाटून होत नाहीत तोवर आबा कुठे जात नाहीत.

लग्नात आबांनी खुर्चीत बसून अक्षता टाकल्या. पावसाळा सरता सरता ते गेले.

उरलेला गठ्ठा माळ्यावर आहे. दर दिवाळीला वडील तो खाली काढतात, धूळ झटकतात आणि पुन्हा वर ठेवतात. आबा त्यात अजून सगळ्यांना लग्नाला बोलावतायत.